एकरी दराची टीम की रोजाची? सर्व्हे पार्टी नेमण्याआधी

चौदा एकरांचा तुकडा आहे, त्यावर लेआउट टाकायचा किंवा गोडाऊन बांधायचं आहे. सर्व्हेसाठी चौकशी केली की हमखास दोन तऱ्हेची कोटेशनं येतात. एकात लिहिलेलं असतं, 'रोव्हर, दोन माणसं, एका दिवसात काम, दर एकरी.' दुसऱ्यात, 'टोटल स्टेशन, रोव्हर, ऑटो लेव्हल, तीन माणसं, तीन दिवस, दर रोजाचा, जेवण-राहणं तुमच्याकडे.' रोव्हर म्हणजे काठीवर बसवलेला, उपग्रहांवरून जागा मोजणारा रिसीव्हर; टोटल स्टेशन कोन आणि अंतर मोजतं, ऑटो लेव्हल उंचीतला फरक. दुसऱ्याचा आकडा पहिल्याच्या दुप्पट-अडीचपट. अचूकता मात्र दोघंही एकच छापतात, 'सेंटिमीटरमध्ये'. घेणारा साहजिकच पहिल्याकडे झुकतो, आणि तो दरवेळी चुकतो असंही नाही. नाशिक-नगर पट्ट्यात साइटच्या कामासाठी मी दोन्ही तऱ्हेच्या पार्ट्या नेमल्या आहेत आणि दोन्हींकडून पस्तावलो आहे, कारणं तेवढी वेगळी.

आधी एक गोष्ट बाजूला काढू. शेजाऱ्याशी बांधावरून वाद असेल तर या दोघांपैकी कोणालाच बोलावू नका. हद्द कायम करायची तर भूमी अभिलेखच्या उपअधीक्षक कार्यालयात अर्ज, भूकरमापकाची मोजणी आणि हातात 'क' प्रत (मोजणीचा सरकारी नकाशा), हाच रस्ता. तिथेही घाई पैशाने मिळते. पूर्वी साधी, तातडी, अति तातडी असे प्रकार होते, आता नियमित आणि द्रुतगती आहेत. पण जादा शुल्क भरून तुम्ही रांगेतला नंबर विकत घेता, मोजणी तीच होते. ती पटली नाही तर निमताना मोजणीचा, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणीचा, अर्ज करता येतो.

खासगी टीमचा माणूस "बांध पण दाखवून देतो साहेब" म्हणाला की मी त्याला टिपण, म्हणजे जुन्या मोजणीचा मापं लिहिलेला कागद, वाचता येतं का ते विचारतो. आपल्याकडची जुनी टिपणं ३३ फुटी साखळीवर बेतलेली. साखळीचे १६ आणे, म्हणजे एक आणा दोन फूट पाऊण इंचाचा. साखळी गुंठ्याच्या हिशेबात चपखल बसायची, ३३ बाय ३३ फूट म्हणजे एक गुंठा. पण 'सात साखळी नऊ आणे' लिहिणाऱ्याच्या डोक्यात सेंटिमीटर कुठून असणार? त्या कागदावरची हद्द दोन सेंटिमीटरमध्ये दाखवतो म्हणणाऱ्याने टिपण पाहिलेलं नसतं, किंवा तुम्ही ते पाहणार नाही असं त्याने गृहीत धरलेलं असतं. जुन्या हद्दीसाठी महागड्या यंत्राची अचूकता विकत घेणं म्हणजे धान्याच्या काट्यावर मीठ तोलायला सोनाराला बोलावण्यासारखं आहे.

आता नकाशा, उतार, भराव, रस्ते, गटारं यांच्यासाठीच्या सर्व्हेकडे येऊ. निवड खरी तिथे करायची असते.

एका दिवसात चौदा एकर करणारी टीम फसवतेच असं नाही. महाराष्ट्रात सर्व्हे ऑफ इंडियाच्या कॉर्स स्टेशनांचं, म्हणजे कायम चालू असलेल्या उपग्रह रिसीव्हरांचं, जाळं आहे. सिमकार्डला रेंज असली की रोव्हरला तिथून दुरुस्ती मिळते, स्वतःचा बेस (जागेवर मांडायचा दुसरा रिसीव्हर) मांडायची गरज उरत नाही. उघड्या माळावर 'फिक्स', म्हणजे पक्की जागा, यायला काही सेकंद लागतात आणि आडवं माप दोन-तीन सेंटिमीटरच्या आत बसतं. एक मुलगा काठी घेऊन चालत सुटला तर दिवसाकाठी पाच-सहाशे पॉइंट सहज घेतो. यातला एकेक पॉइंट तीन दिवसवाल्यांच्या पॉइंटपेक्षा वाईट नसतो.

मग बाकीचे दोन दिवस जातात कुठे? तपासणीत. चांगली टीम पहिल्या दिवशी जागेभोवती पाच-सहा पक्की स्टेशनं, म्हणजे संदर्भाच्या खुणा, काँक्रीटमध्ये बसवते. प्रत्येकावर दोनदा उभी राहते, एकदा सकाळी आणि एकदा दुपारनंतर, कारण तोवर डोक्यावरचे उपग्रह बदललेले असतात आणि पहिल्यांदा चुकीचा फिक्स बसला असेल तर तो उघडा पडतो. मग टोटल स्टेशनने त्यांच्यातून फिरून पुन्हा पहिल्या स्टेशनवर येते आणि किती चुकलं ते कागदावर लिहिते. शेवटी लेव्हलचा फेरा, तोही निघाला तिथेच येऊन मिटणारा. एक किलोमीटरच्या फेऱ्याला १२ मिलिमीटरपर्यंतची चूक चालवून घ्यायची, चार किलोमीटरला २४, हा वर्गमुळाचा हिशेब डिप्लोमाला सगळे शिकतात. साइटवर तो करताना फार थोडे दिसतात.

हे सगळं नसलं तर काय होतं? एका साइटवर एकरी दराच्या टीमने संध्याकाळी पाचला नकाशा मोबाइलवर पाठवला. मी खूश. आठवड्याने ड्रॉइंगवाल्याने फोन केला, "सर, जमिनीच्या मधोमध अर्धा मीटरची पायरी आहे का?" पायरी कसली, सपाट हरभऱ्याचं रान होतं ते. झाडीशेजारी नीट दिसावं म्हणून पोराने काठी दीड मीटरवरून दोन मीटरवर उचलली होती आणि कंट्रोलरमध्ये उंची बदलायला विसरला होता. तिथून पुढचे सगळे पॉइंट अर्धा मीटर वर. अर्धा मीटर होता म्हणून सापडला, पाच सेंटिमीटर असता तर कोणालाही कळलं नसतं.

आणि पाच सेंटिमीटर म्हणजे किती, ते एकदा मांडून बघा. चौदा एकर म्हणजे सुमारे ५६,६५० चौरस मीटर. सगळी जमीन पाच सेंटिमीटर खाली दाखवली गेली तर भरावाचा अंदाज २,८०० घनमीटरांहून जास्त फुगतो. दहा घनमीटर मुरूम नेणाऱ्या डंपरच्या २८० फेऱ्या झाल्या. सर्व्हेत वाचवलेले पैसे त्यातल्या पहिल्या काही फेऱ्यांतच संपतात. सुटे पॉइंट इकडेतिकडे दोन-तीन सेंटिमीटर चुकले तर ते एकमेकांना खाऊन टाकतात. उंचीची आधारखूण, म्हणजे बेंचमार्कच चुकला तर सगळे मिळून एकाच बाजूला चुकतात, आणि नकाशा मात्र देखणा दिसतो.

उंचीचं आणखी एक दुखणं आहे. रोव्हर मुळात देतो ती उंची समुद्रसपाटीपासूनची नसते, पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची असते. पुण्या-मुंबईकडे या दोन्हींतला फरक साठ मीटरांच्याही पुढे जातो. तो कोणत्या मॉडेलने काढला, की जवळच्या बेंचमार्कवर काठी टेकवून जुळवला, हे फोनवरच विचारा. "मशीन आपोआप करतं" असं उत्तर आलं तर ती टीम उताराच्या कामाला नको. ५०० ला १ उताराचं गटार शंभर मीटरला वीसच सेंटिमीटर उतरतं. त्यात पाचाची चूक झाली की पहिल्या पावसातच पाणी तुंबलेलं दिसतं.

जमीन कशी आहे यावरही पारडं फिरतं. आंब्याच्या बागेत, पत्र्याच्या शेडला लागून, सह्याद्रीतल्या अरुंद दरीत रोव्हर 'फ्लोट'वर लटकतो, पक्का फिक्स येतच नाही. तिथे एका दिवसाचं कोटेशन देणाऱ्याने जागा पाहिलेलीच नसते. उभ्या उसात दोघंही हतबल, टोटल स्टेशनला प्रिझम (समोर धरायचा परावर्तक) दिसत नाही आणि काठी पानांत बुडते. तोडणीनंतर बोलावलं तर तेच काम निम्म्या वेळात होतं. ड्रोनवाल्यांचंही तसंच, गवताचा शेंडा ही त्यांची जमीन. माळरानावर सोलरसाठी मोठं क्षेत्र पाहायचं असेल, जागा घ्यावी की नाही इतकंच ठरवायचं असेल, प्राथमिक एस्टिमेट हवं असेल, तर खुशाल एकरी दराची टीम घ्या. तिथे तीन दिवसवाल्यांना बोलावणं म्हणजे पैसे आणि मोसम दोन्ही घालवणं.

रोजाच्या टीमचीही बाजू ऐकून घ्या, कारण तीही काही धुतल्या तांदळासारखी नसते. अकराला येणं, चहा, बॅटरी उतरली, प्रिझमवाला गावाला गेला. दिवस मोजून पैसे मिळणाऱ्याला दिवस संपायची घाई नसते. उलट एकरी दरवाल्याला नाल्यात उतरायची इच्छा नसते. घाणेरी आणि बाभळी माजलेल्या ओहोळाचे दोन्ही काठ तो लांबून घेतो आणि तळ कॉम्प्युटरवर ओढतो. पाणी जिथून जाणार, नेमकं तिथेच माप नसतं. पैसे कशाचे मिळतात त्यावर माणूस कुठे हात आखडणार ते ठरतं.

म्हणून मी अलीकडे काम फोडतो. स्टेशनं आणि लेव्हलचा फेरा रोजाच्या टीमकडे, दीड दिवस ठरवून. त्यांनी रोवलेल्या खुणांवर मधले पॉइंट एकरी दराच्या टीमने घ्यायचे, पण सकाळी सुरू करताना, जेवणानंतर आणि संध्याकाळी निघताना एकेका पक्क्या स्टेशनवर काठी टेकवूनच. काठीची उंची बदलली असेल तर ती तिथेच पकडली जाते. नाल्याचा तळ आणि विहिरीचा काठ वेगळ्या दराने लिहून द्यायचा, म्हणजे पोरं उतरतात. पैशांचा पाचवा हिस्सा मागे ठेवायचा आणि आपण निवडलेले दहा पॉइंट दुसऱ्याच माणसाकडून लेव्हलने तपासून घ्यायचे. फक्त नकाशा घेऊ नका, यंत्रातली कच्ची फाइलही मागा. ती द्यायला जो का-कू करतो त्याच्याशी दराची घासाघीस करण्यात वेळ दवडू नये.

कोटेशनवर नाव कोणाचं आहे त्यापेक्षा जागेवर कोण येणार ते विचारा. काठी धरणारा महत्त्वाचा. दोन मीटरची काठी एका अंशाने कलली तरी टोक साडेतीन सेंटिमीटर सरकतं, यंत्र कितीही भारी असो. मी पहिल्या तासाला लांब उभा राहून त्या पोराकडे बघतो. पॉइंट घेताना त्याची नजर काठी सरळ आहे का दाखवणाऱ्या बुडबुड्यावर आहे की मोबाइलवर, एवढंच.

आणि उन्हाळ्यात काम असेल तर लेव्हलचा फेरा सकाळी सातला सुरू होईल असं कबूल करून घ्या. मे महिन्यात दुपारी एक वाजता जमिनीलगतची हवा अशी लवलवते की स्टाफवरचा, म्हणजे लेव्हलच्या मोजपट्टीवरचा, आकडा वाचता येत नाही, तो अंदाजाने सांगितला जातो.