इस्ट्रोजेन की टेस्टोस्टेरॉन: मेंदूची धमनी कोणाचं ऐकते?

प्रयोगशाळेत उंदराच्या मेंदूतली धमनी, जेमतेम दोन-तीन केसांएवढी जाड, काचेच्या बारीक नळ्यांवर बांधतात, आत दाब देतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली तिचा व्यास मोजतात. इस्ट्रोजेन दिलेल्या मादीची धमनी सैल असते. धमनीच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन जास्त सुटतं, त्यामुळे स्नायू ढिला पडतो. टेस्टोस्टेरॉन दिलेल्या नराची धमनी उलट आवळलेली. तिथे थ्रॉम्बॉक्सेन या धमनी आवळणाऱ्या रसायनाचा जोर.

म्हणजे एक भली, दुसरा खलनायक? इतकं सोपं नाही. धमनीच्या भिंतीतच अरोमाटेज नावाचं विकर असतं, ते टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करतं. घरातच धर्मांतर म्हणा ना!

आणि इस्ट्रोजेनचं कौतुकही बेतानंच करावं. अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ चाचणीत पाळी गेलेल्या, ५० ते ७९ वयाच्या स्त्रियांना इस्ट्रोजेनच्या गोळ्या दिल्या, तर पक्षाघात वाढले. २००२ मध्ये प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं कृत्रिम संप्रेरक) सोबतच्या गोळ्या थांबवल्या, २००४ मध्ये नुसत्या इस्ट्रोजेनच्याही. वय, आधीच कडक झालेल्या धमन्या, गोळीमुळे रक्त गोठण्याचा वाढता कल, अशी कारणं सांगतात. मला त्यात वयाचा मुद्दा सर्वांत वजनदार वाटतो: उंदराची ती मादी तरुण होती.