मोडीचे वाचन उत्तम, वंशावळीचा तक्ता मात्र तपासून घ्यावा : जळगावमधील एका शोधसेवेचे परीक्षण

एकोणिसाव्या शतकातील पूर्वजाचा माग काढू पाहणाऱ्याचे खानदेशात पहिले अडते ते लिपीपाशी. मुंबई सरकारने 1917 मध्ये कारभारासाठी मोडीऐवजी बालबोध, म्हणजे देवनागरी, स्वीकारण्याचे ठरवले, त्यामुळे त्याआधीचे बहुतेक गावदप्तर आजच्या वाचकाला नक्कल हाती पडूनही वाचता येत नाही. एरंडोल तालुक्यात शेती करणाऱ्या आमच्या खापरपणजोबांचे वडील, भाऊ आणि मुले यांचा शोध घेण्याचे काम मी जळगावमधील एका खासगी सेवेकडे दिले होते. ही सेवा एका घरातूनच चालते, म्हणून तिचे नाव येथे देत नाही. परंतु अशा सेवा आता जिल्ह्याच्या ठिकाणी ठिकठिकाणी दिसतात आणि त्यांच्याकडून नेमके काय घ्यावे, हे सांगण्याजोगे आहे.

कामाचे दोन भाग असतात. घरातले जुने कागद आणि तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून रीतसर अर्ज करून मिळवलेल्या नकला यांचे देवनागरीत लिप्यंतर हा पहिला भाग. त्यावरून वंशावळीचा तक्ता आणि कुटुंबाची हकीकत तयार करणे हा दुसरा. लिप्यंतराचा दर पानागणिक आहे, तर तक्त्याचे शुल्क एकरकमी असून माझ्या बाबतीत ते लिप्यंतराच्या दुपटीहून अधिक झाले. पैशाचे मोल मिळाले ते पहिल्या भागात.

मोडी वाचणारे गृहस्थ वयस्कर असून त्यांचे काम पाहण्यासारखे आहे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही, शब्दही सुटे लिहीत नाहीत, आणि लिहिणाऱ्या कुलकर्ण्याचा हात बदलला की अक्षराचे वळणही बदलते. ते आधी त्या एका हाताची दोन-चार पाने नुसती चाळतात, गावाची आणि महिन्यांची नावे हेरून त्यांवरून अक्षरांची ओळख पक्की करतात आणि मगच आपल्याला हव्या असलेल्या नोंदीकडे वळतात. गाव नमुना 14, म्हणजे गावाची जन्म-मृत्यूची नोंदवही, जिला आपल्याकडे कोतवाल बुक म्हणतात, तिच्या एका पानावर शाई पाठीमागून फुटली होती. तेथे मृताच्या बापाच्या नावातील दोन अक्षरे त्यांनी अंदाजाने भरली नाहीत, रिकामा कंस ठेवला. कारणाच्या रकान्यात ‘पटकी’ (कॉलरा) असल्याचे मात्र खात्रीने सांगितले, कारण त्याच पानावर त्याच महिन्यात तोच शब्द स्वच्छ अक्षरात पुन्हा पुन्हा आला होता. लिप्यंतरात मूळ ओळीप्रमाणे ओळ तोडलेली असल्याने नक्कल शेजारी ठेवून ताडून पाहता येते. माझ्या मते या सेवेतील सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे.

या नोंदींकडून अपेक्षा कोणती ठेवावी, हेही त्यांनी काम घेण्यापूर्वीच सांगितले. जन्माच्या नोंदीत बहुधा बाळाचे नाव नसते. बापाचे नाव, जात आणि मुलगा की मुलगी एवढेच असते, कारण नोंद होते तेव्हा बारसे झालेलेच नसते. आडनाव क्वचितच लिहिलेले असते. ‘अमुक वलद (मुलगा) अमुक’ एवढ्यावर माणूस ओळखायचा, आणि नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीत असल्याने एकाच घरात तीच दोन नावे आलटूनपालटून येत राहतात. त्यामुळे केवळ नाव जुळले म्हणून माणूस जुळला, असे धरता येत नाही. सर्व्हे नंबर किंवा भावाचे नाव असा दुसरा आधार लागतोच.

नेमका हाच सावधपणा तक्त्याच्या वेळी नाहीसा झाला. तक्ता आणि हकीकत संगणकावर बसून दुसरेच कोणी तयार करते आणि ते पुन्हा त्या मोडी वाचणाऱ्या गृहस्थांच्या नजरेखालून जात नसावे. आमच्या घरातील सारा भरल्याच्या एका पावतीवर ‘सन 1272 फसली’ असे स्पष्ट होते आणि लिप्यंतरातही ते तसेच उतरले होते. फसली ही महसुलासाठीची कालगणना, तिच्या सनात 590 मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे ही पावती 1862-63 ची ठरते. हकीकत लिहिणाऱ्याने शुहूर या दुसऱ्याच जुन्या सनाचे गणित लावून 599 मिळवले आणि ती 1871-72 ची ठरवली. नऊ वर्षांची ही चूक तेवढ्यावर थांबली असती तरी चालले असते. पण 1872 साली गिरणा आणि पांझरा या नद्यांना मोठा पूर आला होता, ही गोष्ट खानदेशच्या इतिहासात प्रसिद्ध असल्याने त्यांनी पावतीचे साल आणि पुराचे साल एकमेकांना जोडून ‘महापुरामुळे कुटुंबाने मूळ गाव सोडले’ असा परिच्छेदच लिहून टाकला. गाव सोडल्याचा एकही कागद त्या बस्त्यात नाही. वाचायला हा परिच्छेद फार छान आहे आणि आमच्या नातेवाइकांत तो आता कौतुकाने सांगितला जातो, ही अडचण वेगळीच.

दुसरी उणीव मला अधिक खटकली. संपूर्ण तक्त्यात एकही स्त्री नव्हती. हक्क नोंदणीचा कायदा 1903 चा. त्यानंतरच्या वारस फेरफारात खातेदार मयत झाल्यावर त्याच्या विधवेचे नाव ‘कोम’ (अमुकाची बायको) लावून खात्यावर आल्याची नोंद यांच्याच लिप्यंतरात आहे, तीत अज्ञान मुलाची पालनकर्ती म्हणून तिचा उल्लेखही आहे, तरी तक्त्यात तिच्यासाठी चौकट नाही. विचारले असता ‘पडताळणीला ते लागत नाही’ असे उत्तर मिळाले. त्यात तथ्य आहे, हे मान्य करावे लागेल. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेल्यापासून मोडी वाचकांकडे येणारी बहुतेक मंडळी जातीच्या रकान्यासाठीच येतात आणि सेवेचा साचाही त्यासाठीच घडलेला आहे; अहवालात जातीचा रकाना पिवळ्या रंगाने ठळक केलेला असतो. ज्याला कुटुंब शोधायचे आहे, त्याने हे काम देतानाच सांगितले पाहिजे, आणि शक्य तर लेखी.

शोध कोठे घ्यायचा याबाबतचा त्यांचा सल्ला मात्र पक्का निघाला. खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे विभाजन 1906 मध्ये झाले, तोवर जिल्ह्याचे ठाणे धुळे होते. म्हणून जळगाव जिल्ह्यातील गावाच्या जुन्या जिल्हा पातळीवरील कागदांसाठी धुळ्याकडेही चौकशी करावी लागते. मालेगाव आणि बागलाणचा भाग 1869 मध्ये नाशिक जिल्हा झाला तेव्हा तिकडे गेला, त्यामुळे त्या बाजूला गेलेल्या शाखेचे कागद आज जळगाव-धुळ्यात शोधण्यात अर्थ नाही. 1852 साली सरकारी जमीन मोजणीला विरोध म्हणून सावदा, यावल, एरंडोल या भागांत लोक उठले होते, हे वाचून माहीत होते. पण त्या मोजणीतून पुढे तयार झालेली खातेदारांची कागदपत्रे हाच सामान्य शेतकरी कुटुंबासाठी सर्वांत भरवशाचा पाया आहे, हे मला येथेच उमगले. घराणे वतनदाराचे असेल तर गोष्ट वेगळी, त्यांच्यासाठी पुण्याचे पेशवे दप्तर आहे.

त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीतील नोंद मिळवून देणे ही त्यांची जोडसेवा आहे आणि तिची शिफारस मी निःसंकोच करीन. गाव आणि आडनाव सांगितल्यावर उपाध्यायांनी जी वही काढली, तीत आमच्या खापरपणजोबांसोबत त्यांचे दोन भाऊ, मुले आणि यात्रेला आलेल्या स्त्रियांची नावे एका ठिकाणी होती. सरकारी दप्तर जमीन आणि सारा एवढेच पाहते, तर वहीला घरातली माणसे हवी असतात. त्यामुळे तक्त्यातील सगळी गाळलेली नावे येथून भरता आली. पानाचे छायाचित्र काढू द्यायचे की नाही हे सर्वस्वी उपाध्यायांच्या मर्जीवर असते, तेव्हा नक्कल उतरवून घेण्याची तयारी ठेवून जावे आणि दक्षिणेचे आधीच बोलून घ्यावे.

वेळेच्या बाबतीत सेवा ढिली आहे. सांगितलेला महिना उलटून जातो, फोन उचलला जात नाही, मग एके दिवशी सगळे काम एकदम व्हॉट्सअ‍ॅपवर येते. मूळ कागद त्यांच्याकडे ठेवून येण्याचा आग्रह होतो, तो मोडून काढावा. चांगल्या उजेडात काढलेली छायाचित्रे त्यांना पुरतात. सन चुकल्याचे दाखवून दिल्यावर त्यांनी वाद न घालता तक्ता विनामूल्य बदलून दिला, पुराचा परिच्छेदही काढला, मात्र विधवेची चौकट घालण्यासाठी वेगळे शुल्क मागितले. ते मी दिले नाही. लिप्यंतराची पाने समोर ठेवून तक्ता घरीच काढला. धाकट्या भावाच्या शाखेचे कागद मिळाले की त्यांचे लिप्यंतर याच सेवेकडे देईन, तक्त्याचे काम मात्र देणार नाही.