पत्र्याची शेड गार करायची: कूलर, एसी की नुसता वारा?

मार्च लागला की वाळूज, शेंद्रा, जालना, लातूर, मराठवाड्यातल्या सगळ्या एमआयडीसींत कोटेशनं फिरायला लागतात. डक्टिंग कूलरवाला (ओल्या पॅडमधून हवा ओढून मोठ्या नळीतून आत सोडणारा कूलर) सांगतो, वीज एसीच्या पाचव्या हिश्शात. एसीवाला सांगतो, कूलरनं मशीन गंजतात. टर्बोवाला (छतावरचा, वाऱ्यावर फिरणारा व्हेंटिलेटर) सांगतो, आमच्याकडं विजेचं बिलच नाही. तिघांचंही म्हणणं खरं आहे, फक्त अर्धं.

हिशोबाला एक शेड धरू: १०० बाय ६० फूट, उंची २० फूट, वर साधा पत्रा, आत तीसेक माणसं. आपल्याकडच्या थंडीत शेड गरम करायची वेळ येत नाही, म्हणून हीटिंगचा विषय इथंच संपवतो.

कुठलंही मशीन घेण्याआधी वर बघा. मेच्या दुपारी पत्रा साठ अंशांच्या पुढं तापतो आणि ती धग सरळ डोक्यावर येते. हवा गार असली तरी माणूस भाजतोच. पांढरा परावर्तक रंग, पत्र्याखाली इन्सुलेशन, नवी शेड बांधत असाल तर पफ पॅनल (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेलं), यातलं काहीतरी आधी करा. सौर पॅनल बसवणार असाल तर त्यांची सावली पत्र्यावर पडते, हा फुकटचा फायदा. छताला हात न लावता एसीचं टनेज (गार करायची क्षमता, टनांत) काढणारा सल्लागार तुमच्या खिशातून पत्रा गार करत असतो.

टर्बो व्हेंटिलेटर आणि एक्झॉस्ट यांची हद्द ओळखा. वर साचलेली गरम हवा ते बाहेर काढतात. बाहेर ४२ असताना आत ३५ करू शकत नाहीत. शिवाय खालून हवा यायला जाळ्या नसतील तर टर्बो नुसता फिरताना दिसतो. मोठ्या पात्यांचा, हळू फिरून भरपूर हवा हलवणारा एचव्हीएलएस पंखा दीड किलोवॅटच्या आसपास वीज घेऊन मोठा भाग हलवतो, पण हवाच कातडीपेक्षा गरम असेल तेव्हा तो गरमच वारा मारतो. जुलै ते ऑक्टोबरच्या दमट दिवसांत मात्र याच्याइतकं स्वस्त समाधान दुसरं नाही.

आता खरी लढत, कूलर विरुद्ध एसी.

कूलरच्या बाजूनं सगळ्यात मोठा साक्षीदार म्हणजे आपली कोरडी हवा. बाहेर ४२ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर वेट बल्ब, म्हणजे पाणी उडवून हवा जास्तीत जास्त जिथवर गार होऊ शकते ते तापमान, २४ च्या जवळ येतो. चांगल्या हनीकॉम्ब पॅडमधून निघणारी हवा २७-२८ अंशांची मिळते. मुंबईत हे जमत नाही, इथं जमतं. हेच गणित जुलैत उलटं पडतं: ३० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेला कूलर जेमतेम तीन अंश उतरवतो आणि वर चिकचिक करतो. पावसाळ्यात पंप बंद ठेवून त्याचा नुसता ब्लोअर चालवायचा.

आपल्या शेडचं घनफळ १ लाख २० हजार घनफूट. तासाला वीस वेळा हवा बदलायची तर ४० हजार सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा) लागतात, म्हणजे तासाला २० हजार घनमीटर हवा देणारे चार कूलर. वीज साधारण दहा ते पंधरा किलोवॅट. हीच शेड एसीनं गार करायची तर इन्सुलेशन नसताना साठ-सत्तर टन सहज लागतील आणि भार सत्तर-ऐंशी किलोवॅटवर जाईल. इथवर कूलर जिंकतो.

पण कोटेशनमध्ये पाण्याची ओळ नसते. त्या उन्हात एक कूलर तासाला सव्वाशे लिटरच्या घरात पाणी उडवतो. चार कूलर, दहा तास, शिवाय क्षार साचू नयेत म्हणून सोडून द्यावं लागणारं पाणी धरा: रोज पाच-सहा हजार लिटर. म्हणजे एक छोटा टँकर, तोही नेमका मे महिन्यात. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं आणि त्याच उन्हाळ्यात औरंगाबाद खंडपीठानं उद्योगांच्या पाण्यात कपातीचा आदेश दिला होता. बोअरचं जड पाणी वापरलं तर पॅडवर पांढरा थर बसतो आणि हवा कमी होत जाते. त्यामुळं पाणी सोडायची व्यवस्था आणि पॅड बदलायचा खर्च पहिल्याच दिवशी धरा.

पाणी नको म्हणून चिलरकडं (मोठ्या जागेचा मध्यवर्ती एसी) वळणाऱ्यांना एक सूचना. कूलिंग टॉवरवर (पाणी उडवून उष्णता बाहेर टाकणारा मनोरा) चालणारा साठ टनांचा वॉटर-कूल्ड चिलर पूर्ण भारावर तासाला जवळजवळ चारशे लिटर पाणी उडवतो, म्हणजे कूलरांच्या बरोबरीनं. पाणी खरंच वाचवायचं असेल तर उष्णता पाण्याऐवजी हवेत सोडणारा एअर-कूल्ड घ्या आणि विजेचा जादा खर्च मान्य करा.

कूलर बसवून शटर बंद करणारे सुपरवायझर जागोजागी आहेत. "गार हवा बाहेर जाते ना साहेब!" घरी खिडकीत कूलर लावला की आपण समोरचं दार उघडं ठेवतोच. इथंही जितकी हवा आत तितकी बाहेर जायला हवी, नाहीतर दुपारी तीनपर्यंत शेडचं न्हाणीघर होतं. एसीचं बरोबर उलट: दारं बंद, फटी बंद आणि ताज्या हवेची वेगळी सोय. दिवसभर ट्रक लागणाऱ्या डिस्पॅचच्या शेडमध्ये एसी म्हणजे पैसे रस्त्यावर.

शेवटी माल काय मागतो ते बघा. उदगीर-लातूरच्या डाळ मिलमध्ये ओली हवा नको. धूळ आणि ओल मिळून चिखल होतो, मालही ओलावा धरतो. तिथं एक्झॉस्ट आणि डस्ट कलेक्टर यांवर पैसा घाला. जालन्यात बियाण्याच्या गोदामाला थंडीइतकाच कोरडेपणा लागतो, तिथं कूलर चूकच. रोलिंग मिलमध्ये भट्टीशेजारची अख्खी शेड गार करायचा नाद सोडा; ऑपरेटर उभा राहतो तिथं हवेचा झोत द्या. सूतगिरणीला ओलावा हवाच असतो, नाहीतर धागा तुटतो, पण त्यांचा ह्युमिडिफिकेशन प्लांट हा वेगळा विषय. फॅब्रिकेशन, पॅकिंग, असेंब्ली यांना कूलर चालतो. मोजमापाची खोली, कंट्रोल पॅनल, औषधांचा भाग यांना एसी, पण पार्टिशन घालून तेवढ्याच जागेला. मंगल कार्यालयवाल्यांनी लग्नं मेमध्येच जास्त असतील तर कूलर घ्यावा, टाकी मात्र मोठी बांधावी.

माझी पसंती विचाराल तर आपल्या शेडला: छताचं इन्सुलेशन, माणसं उभी राहतात तिथंच डक्टची तोंडं, त्यामुळं चाराऐवजी दोन कूलर आणि पावसाळ्यासाठी एक मोठा पंखा. पाणी निम्म्यावर येतं.

ऑर्डर देताना "शेडमध्ये ३० अंश मिळतील" असलं वाक्य मान्य करू नका. बाहेर ४२ अंश आणि २० टक्के आर्द्रता असताना कूलरच्या तोंडाशी किती अंश आणि किती सीएफएम, हे लिहून घ्या. चाचणी मेच्या दुपारी, आणि शेवटचा हप्ता तोवर आपल्याकडं.