आयडब्ल्यूएल २: बघाच, पण स्कोअर लिहायला वही घेऊन बसा

आयडब्ल्यूएल २ म्हणजे भारतातल्या महिला फुटबॉलची दुसरी पायरी, सर्वात वरच्या इंडियन विमेन्स लीगच्या (आयडब्ल्यूएल) लगेच खालची, २०२३-२४च्या हंगामापासून सुरू झालेली. मी मुलींना फुटबॉल शिकवते, त्यामुळे शक्य तेवढे सामने मोबाईलवर बघते आणि माझ्या पोरींनाही बघायला लावते.

खेळ खरंच चांगला आहे. वरच्या लीगमध्ये जायला दोनच जागा, म्हणून एकेका गोलसाठी जीव तोडून धावतात. गोव्याची सेसा अकादमी २०२५मध्ये गढवाल युनायटेडबरोबर वर चढली, तेव्हा आमच्या मैदानावर पेढे वाटले. त्याआधी श्रीभूमी आणि नीता अकादमी हे संघ असेच इथूनच वर गेले होते. म्हणजे हा रस्ता खरोखर कुठेतरी पोचतो, हे मुलींना दाखवता येतं.

प्रेक्षक थोडे, त्यामुळे गोलकीपरचा आवाज स्वच्छ ऐकू येतो: 'लाइन वर घे, लाइन!' बचावफळी तिच्या हाकेसरशी चार पावलं पुढे सरकते. हे टिपायला माझ्या पोरी कान देऊन बसतात. पुरुषांच्या मोठ्या सामन्यात गोंगाटापुढे हे शिकायला मिळत नाही.

प्रक्षेपण मात्र कच्चं. कॅमेरा लांब, जर्सीचे नंबर दिसत नाहीत, गोल कुणी केला ते कळायला वेळ लागतो. आणि हंगाम फार छोटा! बाद झालेल्या संघातल्या मुलींनी उरलेलं वर्ष काय खेळायचं? सामने वाढवा, घरच्या मैदानावर द्या.

पाचपैकी साडेतीन तारे. खेळाडूंना मात्र पूर्ण पाच.