कातरलेली बाग की वाढू दिलेलं रान?

मलबार हिलची हँगिंग गार्डन म्हणजे फिरोजशहा मेहता उद्यान. ते 1881 सालचं, पाण्याच्या टाकीच्या डोक्यावर वसवलेलं. प्राण्यांच्या आकारात कातरलेली झुडपं, हिरवळ, बाकडी. आजी-आजोबांना सपाट वाट मिळते, पोरांना धावायला जागा. तेवढ्यापुरती ही बाग हवीच. पण हिरवळीला उन्हाळाभर पाणी लागतं, कात्री सतत चालवावी लागते आणि माळी चार आठवडे आला नाही की रूप उतरतं.

धारावीजवळ, मिठी नदीकाठी असलेलं महाराष्ट्र निसर्ग उद्यान याच्या अगदी उलट. सुमारे 37 एकरांवर कधीकाळी शहराचा कचरा पडायचा. त्यावर माती टाकून झाडं लावली आणि 1994 मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. इथे गळलेला पाला झाडून जाळायचा नसतो, तो तिथेच कुजून माती होतो. त्या मातीत ओल टिकते, किडे येतात, किड्यांमागे पक्षी. फुलपाखरांना तर खास झाडं लागतात: कढीपत्त्यावर, लिंबूच्या झाडावर अंडी घालणारी लाइम बटरफ्लाय नुसत्या गवतावर कशी जगेल?

रानालाही निगा लागतेच. सुबाभूळ पसरू लागली की उपटावी लागते, रोपांना पहिली दोन-तीन वर्षं पाणी घालावं लागतं. पुढे मात्र खर्च उतरतो.

आपल्या वॉर्डात नवा भूखंड मिळाला, तर मी पुढची पट्टी बसण्या-फिरण्यासाठी मागेन आणि उरलेल्या जागेत करंज, बहावा, उंबर. पेव्हर ब्लॉक मात्र नकोत. पावसाचं पाणी जमिनीत मुरू दे.