मेट्रोचं भुयार, सोसायटीचं तळघर की घरातली आतली खोली?

पुण्यात हवाई हल्ल्याचा सायरन वाजला तर कुठे जायचं, हा विषय सोसायटीच्या बैठकीत निघाला की कुणीतरी म्हणतंच, "मेट्रो आहे की! सिव्हिल कोर्टाचं स्टेशन केवढं खोल आहे." आहे खरं, सुमारे 33 मीटर. स्फोटाचा दाब आणि उडणारे तुकडे यांपासून इतकं संरक्षण फ्लॅटमध्ये मिळणं शक्य नाही. पण भुयारात माणसं दगावतात ती छत फुटूनच असं नाही.

3 मार्च 1943 ला लंडनच्या बेथनल ग्रीन स्टेशनात 173 जण दगावले, तेही एकही बॉम्ब न पडता. अंधाऱ्या जिन्यावर कुणीतरी अडखळलं आणि मागून येणारा लोंढा अंगावर कोसळला. लंडनच्याच बॅलहॅम स्टेशनात 1940 मध्ये रस्त्यावरच्या बॉम्बने जलवाहिन्या फुटल्या, पाणी आणि चिखल थेट फलाटावर आला. जून 1941 मध्ये चीनमधल्या चोंगचिंगच्या भुयारात हवा खेळती राहिली नाही म्हणून लोक गुदमरले. छत तरी भरवशाचं? बगदादच्या अमिरिया आश्रयगृहाचं जाड काँक्रीट 1991 मध्ये दोन बॉम्बनी भेदलं, 400 हून अधिक नागरिक मेले.

मेट्रोची खरी अडचण अंतराची. 800 मीटर चालायला धडधाकट माणसाला दहा मिनिटं लागतात. आजी-आजोबा, लिफ्ट बंद आणि सातवा मजला हे धरा, म्हणजे निम्मा वेळ जिन्यातच जाईल. आणि प्रशासनाने जाहीर केल्याशिवाय स्टेशनला आश्रयस्थान समजू नका.

तळघर जवळ असतं, पण तिथे आधी हवेचा हिशेब मांडा. शांत बसलेला माणूस तासाला साधारण 18 लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. 5 बाय 4 मीटरची, अडीच मीटर उंच बंद खोली म्हणजे 50 घनमीटर. तिथे 25 जण बसले तर प्रमाण तासाला 0.9 टक्क्याने चढतं. सव्वादोन तासांत 2 टक्के, म्हणजे डोकेदुखी आणि धाप. म्हणून दोन विरुद्ध टोकांना वाटा हव्यात, त्यातली एक गाड्यांच्या रॅम्पखेरीज वेगळी. जनरेटर आत चालवायचा नाही, त्याचा कार्बन मोनॉक्साइड वासाशिवाय मारतो. पेट्रोलची वाफ आणि एलपीजी दोन्ही हवेपेक्षा जड, खालीच साचतात. गाड्यांनी भरलेलं पार्किंग त्यामुळे बादच. तळघरात साचणारं पाणी उपसायचा पंप विजेवर असेल तर वीज गेल्यावर काय, हे आंबील ओढ्याकाठच्या लोकांना विचारावं. सप्टेंबर 2019 ची पुराची रात्र त्यांना पाठ आहे.

आतली खोली सगळ्यात कमकुवत, आणि तरीही बहुतेकांसाठी पहिला पर्याय तीच. आरसीसी इमारतीत मधल्या मजल्यावरची, बाहेरच्या बाजूने दोन भिंती आड येतील अशी, बिनखिडकीची जागा शोधा. अगदी वरचा मजला नको. थेट मारा ती झेलणार नाही, पण काचा आणि तुकडे अडवेल, आणि तिथे पोहोचायला अर्धा मिनिट पुरतो.

इशारा किती आधी मिळेल यावर भिस्त ठेवू नका. घड्याळ लावून सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसासह तळघरात उतरून पाहा. तीन मिनिटांच्या आत जमत असेल, दुसरी वाट असेल आणि गाड्या नसतील तरच तळघर. नाहीतर आतली खोली. पेठांतल्या माती-लाकडाच्या वाड्यात मात्र आतली खोलीही उपयोगाची नाही. शेजारची आरसीसी इमारत आजच बोलून ठेवा, आणि तिच्या गेटची किल्ली कुणाकडे असते तेही.