पोपटी, चूल की जाळी? परसात मित्रांना जेवायला बोलावण्याआधी

फेब्रुवारी कलला की आमच्या रायगड जिल्ह्यात घरोघरी एकच बेत शिजायला लागतो. थंडी ओसरलेली असते, आंब्याला मोहर आलेला असतो आणि खरा उकाडा अजून दारात आलेला नसतो. चार मित्रांना बोलवावं, मागच्या परसात आग पेटवावी, तिथेच रांधावं नि तिथेच खावं. इथवर सगळ्यांचं एकमत असतं. वाद सुरू होतो तो पुढे. मडक्यात शेंगा नि कोंबडी भरून आगीत पोपटी लावायची, तीन दगडांच्या चुलीवर मटणाचा तोप चढवायचा, की कोळशाची शेगडी आणून जाळीवर भाजत बसायचं?

मी तिन्ही केलंय, तिन्हींत फसलोही आहे. चवीवरून ठरवायला गेलात तर ठरणारच नाही, कारण उघड्यावर भूक लागलेल्या माणसाला तिन्ही गोड लागतात. मी बघतो ते एवढंच, की आगीपाशी कोण अडकणार आणि किती वेळ. यजमानाला मित्रांबरोबर बसायला मिळणार नसेल, तर हॉटेलात गेलेलं काय वाईट?

या कसोटीवर जाळी पहिल्या फटक्यात मागे पडते. दिसायला ती सगळ्यात सुटसुटीत. लोखंडी शेगडी, दोन-तीन किलो लाकडी कोळसा, दह्यात मुरवलेलं चिकन, पनीर, मक्याची कणसं. पण कोळसा पेटवून त्यावर राखेची पांढरी साय धरायलाच अर्धा-पाऊण तास जातो. त्याआधी मांस ठेवलंत तर धुराचा कडवटपणा बसतो. पुढे एका वेळी जाळीवर मावतात दहा-बारा तुकडे. म्हणजे दहा माणसांत प्रत्येकाच्या वाट्याला एक घास आणि मग पुढच्या खेपेची वाट. पाहुणे जेवतात आणि यजमान पंखा मारतो. रात्री दहाला तो बसतो, तेव्हा त्याच्या ताटात उरलेली कांद्याची चकती आणि मानेचा तुकडा असतो.

हाडाच्या चिकनची आणखी एक गंमत. तंगडी बाहेरून काळी होते आणि हाडाजवळ कच्चीच राहते. कोंबडी आत 74 अंश सेल्सिअसपर्यंत तापली पाहिजे. ते मोजायचा काटा आपल्याकडे कोणाकडे नसतो, तेव्हा हाडापाशी सुरी खुपसून पाणी लाल निघतंय का ते बघणं आलं. बोनलेस घ्या, किंवा माझं ऐकाल तर चिकन सोडाच आणि बांगडे आणा. दोन्ही बाजूंना चिरा, मीठ, हळद, तिखट, कोकमाचं आगळ, वरून केळीचं पान. दहा-बारा मिनिटांत बांगडा तयार, मुरवण्याची भानगड नाही. सहा माणसांपर्यंत जाळीसारखं दुसरं काही नाही. सहाच्या वर मात्र मी तिच्या वाटेला जात नाही. गॅसवरचा ग्रिल ज्यांच्याकडे आहे त्यांनी खुशाल वापरावा, पण मग परसात यायचं कशाला ते मला कळत नाही.

पोपटीचं गणित बरोबर उलटं आहे. सगळी मेहनत आधी, आग पेटल्यावर हात रिकामे. ज्यांनी ऐकलीच नाही त्यांच्यासाठी सांगतो. मातीच्या मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा, म्हणजे बांधावर उगवणाऱ्या एका उग्र वासाच्या रानटी झाडाचा, पाला दाबायचा. त्यावर वालाच्या शेंगा, त्यांना फक्त जाडं मीठ आणि ओवा. मधोमध मसाला लावून केळीच्या पानात बांधलेली कोंबडी, तिच्या आजूबाजूला अंडी, बटाटे, रताळी. वर पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी पाला इतका घट्ट कोंबायचा की मडकं उलटं केलं तरी दाणा पडू नये. पाण्याचा थेंबही नाही. मग मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा, गोवऱ्या, काटक्या रचायच्या आणि पेटवून द्यायचं. पाल्यातल्या ओलाव्याची वाफ आतल्या आत फिरते, तीवर सगळं शिजतं. अंडी मडक्याच्या भिंतीला टेकू द्यायची नाहीत, फुटतात.

अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाणी शिंपडायचं. चर्रर्र होऊन थेंब जागच्या जागी उडाला की पोपटी झाली. थेंब ओघळला तर आणखी थोडा जाळ. मग काठीने मडकं बाहेर ओढायचं, गोणपाटात धरायचं, तोंडचा करपलेला पाला उपसायचा आणि सगळं केळीच्या पानांवर ओतायचं. त्या क्षणी जो वास सुटतो, ओव्याचा, मातीचा आणि त्या उग्र पाल्याचा, त्याचं वर्णन करत बसत नाही. वाफ निवायच्या आत आठ-दहा हात पानावर पडलेले असतात आणि बोटं भाजली म्हणून कोणी तक्रार करत नाही. ताटं नाहीत, वाढणं नाही, भांडी तर नाहीतच. यजमान सगळ्यांबरोबर पहिली शेंग सोलतो.

आठ-दहा जणांना तीन किलो शेंगा, किलो-दीड किलो कोंबडी नि डझनभर अंडी असा माझा अंदाज. कोंबडी ब्रॉयलरच घ्या. गावठीचा मोह होतो, पण तेवढ्या वेळात ती शिजत नाही.

आता अडचणी, आणि त्या थोड्याथोडक्या नाहीत. पहिली मोसमाची. पोपटी खरी थंडीतली. फेब्रुवारीच्या शेवटाला शेंगा जून व्हायला लागतात आणि शेतकरी त्या वेलावरच वाळवून वाल करायच्या मागे असतो. बांधावरचा भांबुर्डाही उन्हं तापली की सुकत जातो. तो पुण्या-मुंबईच्या बाजारात शोधू नका, गावाकडच्या माणसालाच सांगावं लागतं. त्याच्याऐवजी केळीची पानं भरून लावलेली पोपटी खाल्ली आहे. शिजते, पोटही भरतं, पण ती पोपटी नव्हे, उकडलेल्या शेंगा. दुसरी अडचण जागेची. पेंढ्याचा जाळ पुरुषभर उंच जातो. रो-हाऊसच्या मागच्या दहा फुटांत किंवा सोसायटीच्या गच्चीवर हा उद्योग करायचा नाही. आणि तिसरी माझ्या स्वतःच्या मूर्खपणाची. एका वर्षी ऐन वेळी मडकं मिळेना, म्हणून घरातला पाण्याचा माठ रिकामा करून तोच लावला. भिंतीत मुरलेलं पाणी तापलं, दहाव्या मिनिटाला टप्प असा आवाज आला आणि माठाला वरपासून खालपर्यंत तडा. वाफ गेली, कोंबडी अर्धी कच्ची. रात्री नऊ वाजता बारा माणसांसाठी घरात पोह्यांची कढई चढली. तेव्हा मडकं कोरडं ठणठणीत हवं, आणि एक जास्तीचं हाताशी असलेलं बरं.

शाकाहारी मित्र असतील तर त्यांचं छोटं मडकं वेगळं लावा. "वरच्या शेंगांना चिकन लागलेलं नाही" असली समजूत घालू नका. जाळीचंही तेच, दोन जाळ्या ठेवा. चुलीवर हा प्रश्न जरा सोपा, कारण तोपच दोन असतात. एकात मटण, दुसऱ्यात भरली वांगी किंवा वालाचं बिरडं, आणि भाकरी दोघांनाही तीच.

चूल म्हणजे पोपटी आणि जाळी यांच्या मधलं प्रकरण. आगीपाशी माणूस लागतो, पण तो एका जागी बसलेला असतो आणि बाकीचे त्याच्याभोवती गप्पा मारत बसू शकतात. मटण शिजायला दीड तास तरी लागतो, आणि तेवढ्यात करायचं काय तर अधूनमधून लाकूड पुढे सरकवायचं. दहा जणांना दोन किलो मटण पुरतं, रस्सा वाढवता येतो. ऐन वेळी अकरावा नि बारावा आला तरी चूल त्याला सामावून घेते. जाळी ते कधीच करत नाही. खर्चात मात्र ही सगळ्यात वरची. मटण किलोला 700-800 रुपयांच्या घरात किंवा त्याहून वर, म्हणजे पोपटीच्या दुपटीकडे हिशोब जातो.

दोन गोष्टी आधी करून ठेवल्या तर चुलीचा त्रास निम्मा होतो. तोपाला बाहेरून मातीचा पातळ लेप द्या. नंतर काजळी लेपासकट निघते, नाहीतर दुसरा दिवस घासण्यात जातो. आणि वाटण सकाळीच करून ठेवा. कांदा नि सुक्या खोबऱ्याची वाटी सरळ निखाऱ्यात भाजायची हौस असेल तर ती आदल्या संध्याकाळी भागवा. पेटवायला करवंट्या आणि कापराची एक वडी पुरते. रॉकेल ओतलंत तर वास रश्श्यात उतरतो. भाकरी थापणारं कोणी नसेल तर लाज न बाळगता पाव आणा. याच सुमारास अलिबागचा नवा पांढरा कांदा माळांनी विकायला येतो, भौगोलिक मानांकन मिळालेला तो गोडसर कांदा. मटणाबरोबर तो मुठीने फोडून घ्यायचा, सुरी लावायची नाही.

वेळेचं म्हणाल तर मार्च लागला की दुपारचा बेत चुलीवर नको. डोक्यावर ऊन नि पुढ्यात जाळ, रांधणाऱ्याला ती शिक्षा आहे. संध्याकाळी पाचला पेटवा, साडेसातला पानं. किनाऱ्याजवळ राहत असाल तर दुपारपासून खारे वारे पश्चिमेकडून येतात. पाहुण्यांच्या सतरंज्या आगीच्या पश्चिमेला घाला म्हणजे धूर त्यांच्या डोळ्यांत जाणार नाही. पूर्वेला शेजाऱ्यांचे कपडे वाळत असतील तर आधी हाक मारा. आंब्याखाली आग तर कुठलीच नको. मोहर करपतो, आणि खालचा वाळका पाचोळा कधी पेट घेईल सांगता येत नाही. पाण्याच्या दोन बादल्या भरून ठेवणं आलंच. शेगडीतले निखारे "जरा ऊब येईल" म्हणून घरात नेऊन ठेवायचे नाहीत, बंद खोलीत त्यांचा वायू जीव घेतो. आणि तारीख पक्की करण्याआधी भिंतीवरचं कालनिर्णय बघा. रविवारी संकष्टी किंवा महाशिवरात्र आली की अर्धे पाहुणे साबुदाण्यावर.

माझ्यापुरतं मी असं ठरवतो. गावाकडून भांबुर्डा आणि कोवळ्या शेंगा मिळाल्या, अंगण मोकळं आहे, तर डोळे मिटून पोपटी. शेंगा जून झाल्या आणि माणसं आठच्या वर असली तर चूल. शहरात राहणारे पाच-सहा मित्र आणि जागा बेताची, तर जाळी नि बांगडे, आणि चिमटा दर अर्ध्या तासाने दुसऱ्याच्या हातात. चूल ठरलीच तर मटणवाल्याला शनिवारीच सांगून ठेवा. रविवारी सकाळी आठनंतर गेलात तर मांडी नि चाप गेलेली असते आणि तो तुम्हाला "हे घ्या दादा, रश्श्याला चांगलं" म्हणून नुसती हाडं तोलून देतो.